विहिरीचा हुकूमनामा

"काकांनी कोर्टात जाऊन अण्णांची निम्मी विहीर लाटली" हे आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आलो. अण्णा मात्र त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत.

परवा पुतण्याला विहिरीवर सोलर पंप बसवायचा होता. म्हणाला, "आप्पा, कोर्टाचा कागद आहे का?" नव्हता.

ई-कोर्ट्सच्या साइटवर सोळा अक्षरी सीएनआर नंबर मागतात. १९६८ च्या दाव्याला तो कुठून असणार? शेवटी तलाठ्याकडच्या जुन्या फेरफारात दाव्याचा नंबर आणि साल सापडलं. मंडळी, तुम्हालाही शोधायचं असेल तर तिथूनच सुरुवात करा. तालुका कोर्टाने जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूमकडे पाठवलं. नकलेचा अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, वारस असल्याचे कागद. तिसऱ्या खेपेला सही-शिक्क्याची नक्कल मिळाली.

बाहेर बाकावर बसून वाचली. वादी होते आमचे अण्णाच! आणि निकाल तडजोडीचा. विहीर निम्मी-निम्मी, पाणी पाळीने, दोघांनाही मान्य. कोणी काही लाटलं नव्हतं.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या दहाव्यालाही आम्ही गेलो नव्हतो.

संध्याकाळी चुलतभावाला फोन केला. तो म्हणाला, "आम्हाला ठाऊक होतं रे. तुम्ही कधी विचारलंच नाही."

असो. नक्कल स्कॅन करून सगळ्यांना पाठवतो आहे. घरच्यांनो, जरूर वाचा.