होता

साताऱ्याच्या आमच्या शाळेत फी-सवलतीचे अर्ज निवडायला मी संगणकावर एक मॅक्रो बसवला होता. तो एकेक प्रश्न विचारी आणि उत्तर पाहून पुढची वाट धरी. मॅट्रिक झालेल्या मास्तराला याचा केवढा अभिमान!

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५. पूर ओसरल्यावर तिथली एक बाई मुलाला घेऊन भावाकडे साताऱ्याला आली. पडद्यावरचा प्रश्न मी वाचला, "उत्पन्नाचा दाखला आहे का?"

"होता, गुरुजी."

चौकटीत 'हो' किंवा 'नाही' एवढीच सोय. मला सुचेना, मी चौकट रद्द केली. रद्द केली की मॅक्रोच्या हाती कोरे उत्तर पडते, आणि कोरे म्हणजे 'नाही' हे मीच त्याला शिकवलेले. पोराचे नाव अपात्रांच्या यादीत गेले.

कृष्णा उगम पावते ती आमच्याच जिल्ह्यात, महाबळेश्वरला. तिने दाखला नेला. उरलेले माझा प्रश्न नेत होता.

त्याच रात्री एका प्रश्नाचे दोन केले. "दाखला पूर्वी काढला होता का?" "आज जवळ आहे का?" नसेल, तर तहसील कचेरीतून तो पुन्हा कसा काढावा ते खाली लिहिले. कोरे उत्तर आले, तर प्रश्न पुन्हा विचारायचा. पोराला सवलत मिळाली.

मॅक्रो सुधारला. पण वर्गात एखादे पोर गप्प उभे राहिले की त्याच्यापुढे 'येत नाही' असे मनात लिहून मी किती वर्षे पुढच्या बाकाकडे वळलो, ते आठवते. आता थांबतो. प्रश्न बदलून विचारतो.