मी दिलेले सात गुण

अकोल्याच्या एका वक्तृत्वस्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावणे आले, तेव्हा मी अंमळ फुगलोच. मराठीच्या अधिव्याख्यात्याला असे मान कितीदा मिळतात? संयोजकांनी स्पर्धकांची नावे आधीच मोबाइलवर धाडली होती. अमरावतीहून निघालेली एस.टी. मूर्तिजापूरला खोळंबली, आणि रिकाम्या हाताला चाळा हवाच असतो.

एका मुलीचे नाव टाकून पाहिले. तिचे जुने भाषण सापडले. खाली कुणीसे लिहिले होते, ‘वडिलांनी लिहून दिलेले.’ लिहिणारा कोण, देव जाणे! दुपारी ती मुलगी फार सुरेख बोलली. दुसऱ्या परीक्षकबाईंनी तिला नऊ गुण दिले, मी सात. एका गुणाने तिचा पहिला क्रमांक हुकला.

रात्री ताईकडे जेवताना हे बोलून गेलो. भाऊजींची सारी हयात वकिलीत गेलेली. भाकरीचा तुकडा तसाच धरून ते म्हणाले, “अहो प्राध्यापक, नानावटी आठवतो का?”

१९५९ साली मुंबईत कमांडर नानावटींनी पत्नीचा मित्र प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. खटला ज्यूरीपुढे चालला, तसाच ‘ब्लिट्झ’च्या पानांवरही चालला, आणि तो सारे शहर वाचीत होते. आठ विरुद्ध एक मतांनी ज्यूरीने निर्दोष ठरविले. न्यायाधीशांना ते पटले नाही. उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे १९७३ च्या फौजदारी संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही.

“विलायतेत मात्र ज्यूरी आहे,” भाऊजी म्हणाले. “तिथे एका ज्यूरीबाईने आरोपीची माहिती इंटरनेटवर धुंडाळून इतरांना सांगितली. २०१२ साली सहा महिन्यांची कैद झाली. २०१५ पासून तर तो स्वतंत्र गुन्हाच आहे.”

“बाई करीत काय होत्या?” ताईने विचारले.

“कॉलेजात शिकवीत होत्या.”

ताईने मुकाट्याने माझ्या ताटात पिठले वाढले.

“पण ते खरे असले तर?” मी चाचरत म्हटले.

“असेलही. कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते. तुमच्या या मोबाइलातल्या साक्षीदाराला त्या पोरीने कुठे गाठून विचारावे?”

अमरावतीस परतल्यावर संयोजकांना सारे कबूल करणारे पत्र लिहिले. उत्तर आले: ढाल वाटून झाली आहे, काळजी नसावी. पुढील वर्षीही अगत्य यावे. नावांची यादी आधीच पाठवू.