अरण्यातील न सापडणारा प्राणी

भय ही मोठी विलक्षण वस्तू आहे. ते अंगावर चालून आले म्हणजे माणूस वाट फुटेल तिकडे पळत सुटतो. परंतु तेच भय चार हात दूर, पडद्यापलीकडे उभे राहिले, की मांडी घालून त्याच्याकडे पाहत बसावेसे वाटते. पूर्वी ही हौस घरातील आजीच्या गोष्टी भागवीत असत. आता ते काम टेलिव्हिजनने आपल्याकडे घेतले आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत सातवीत शिकणारा माझा भाचा आमच्याकडे राहावयास आला होता. त्याच्या आग्रहावरून मी त्याच्याबरोबर एका अमेरिकन मालिकेचा भाग पाहिला. मालिकेचे नाव ‘फाइंडिंग बिगफूट’, म्हणजे ‘बिगफूटचा शोध’. अमेरिकेच्या अरण्यांत सात-आठ फूट उंचीचा, सर्वांगावर केस असलेला, माणसासारखा दोन पायांवर चालणारा एक प्राणी वावरतो, असे तेथील पुष्कळ लोक मानतात. त्याच्या मोठ्या पावलांवरून त्याला ‘बिगफूट’ हे नाव पडले. २०११ पासून २०१८ पर्यंत ही मालिका चालली आणि तिचे सुमारे शंभर भाग झाले.

या भागांची बांधणी एखाद्या कीर्तनासारखी ठरलेली असते. चौघांचे एक पथक एका गावी येते. त्यांतील तिघे श्रद्धावान, आणि चौथी व्यक्ती म्हणजे प्रत्येक गोष्टीवर शंका घेणारी एक जीवशास्त्रज्ञ स्त्री. गावातील कोणीतरी टिपलेले एखादे अस्पष्ट चलच्चित्र ते पाहतात. ज्या जागी तो प्राणी दिसला असे म्हणतात, त्या जागी आपल्यापैकी एका उंच माणसाला उभा करून मापे घेतात. मग गावकऱ्यांची सभा भरवून ज्यांनी ज्यांनी काही पाहिले त्यांच्या हकिकती ऐकतात. शेवटी रात्र पडते. अंधारात पाहणारे कॅमेरे घेऊन मंडळी अरण्यात शिरतात. झाडाच्या बुंध्यावर दांडके आपटतात, लांबलचक आरोळ्या देतात आणि उत्तराची वाट पाहतात. दूर कोठे तरी खट् असा आवाज होतो. सगळे थबकतात. “काय होते ते?” असे कोणीतरी कुजबुजते, आणि नेमक्या त्याच क्षणी जाहिराती सुरू होतात!

भाग संपला. अर्थात प्राणी सापडला नव्हता. भाच्याने विचारले, “मामा, शंभर भागांत एकदाही सापडला नाही?”

“नाही.”

“मग तो नाहीच का?”

मी उत्तर देण्यापूर्वीच त्याने पुढचा प्रश्न टाकला. “पण तो नाही, असे तरी कोणी सिद्ध केले आहे?”

शिक्षकाच्या आयुष्यात असे प्रश्न येतात, की ज्यांची उत्तरे घाईने देणे योग्य नसते. “छे, सगळ्या थापा आहेत,” असे म्हटले तर मुलाच्या डोळ्यांतील कुतूहल त्याच क्षणी विझते. “असेलही बाबा, कोणी सांगावे,” असे म्हटले तर उद्या कोणीही येऊन त्याच्या गळ्यात काहीही बांधील. या दोहोंच्या मधली वाट त्याला दाखविता येईल काय, हा खरा प्रश्न होता. त्या वाटेसाठी प्रथम या प्राण्याचा इतिहास चाळावा लागतो.

अमेरिकेच्या व कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांच्या कथांत रानातील केसाळ महापुरुष फार प्राचीन काळापासून आहेत. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जे. डब्ल्यू. बर्न्स या नावाचे एक शाळामास्तर होते. म्हणजे आमच्याच पेशातले. तेथील लोकांकडून त्यांनी या कथा ऐकल्या आणि १९२९ साली एका मासिकात त्यांवर लेख लिहिला. त्या लोकांच्या भाषेतील एका शब्दावरून त्यांनी घडविलेला ‘सॅसक्वाच’ हा शब्द पुढे सर्वत्र रूढ झाला.

‘बिगफूट’ हे नाव मात्र गाजले ते १९५८ साली. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात ‘सिक्स रिव्हर्स’ नावाचे राष्ट्रीय वन आहे, आणि त्यात ब्लफ क्रीक नावाचा ओढा आहे. तेथे रस्त्याचे काम चालू असताना बुलडोझर चालविणाऱ्या जेरी क्रू याला सोळा इंच लांबीची पावले मातीत उमटलेली दिसली. त्याने त्यांचा प्लॅस्टरचा ठसा घेतला. वृत्तपत्राने त्याचे छायाचित्र छापले, आणि बघता बघता ही वार्ता देशभर पोहोचली. या रस्त्याच्या कामाचा ठेकेदार रे वॉलेस हा २००२ साली वारला. तेव्हा त्याच्या कुटुंबीयांनी लाकडाची कोरलेली मोठी पावले पुढे आणली आणि ते ठसे वॉलेसनेच गंमत म्हणून उमटविले होते, असे सांगितले. दरम्यान २० ऑक्टोबर १९६७ रोजी त्याच ब्लफ क्रीकच्या परिसरात रॉजर पॅटरसन व बॉब गिमलिन या दोघांनी एका केसाळ आकृतीचे जेमतेम मिनिटभराचे चलच्चित्र टिपले होते. ती आकृती चालता चालता मान वळवून मागे पाहते. तो खरा प्राणी की कातडे पांघरलेला माणूस, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

पाऊल आणि चित्र यांवर वाद घालता येतो. केसाचे तसे नाही, कारण केस तपासता येतो. १९७६ साली एका शोधकाने अशा प्राण्याचे म्हणून काही केस अमेरिकेच्या एफबीआय या तपासयंत्रणेकडे धाडले. ते हरणाच्या कुळातील निघाले. ती कागदपत्रे २०१९ साली सर्वांना खुली झाली. २०१४ साली ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स आणि त्यांचे सहकारी यांनी जगभरातून मागविलेल्या ३० नमुन्यांच्या जनुकीय तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत अस्वल निघाले, घोडा निघाला, गाय, हरीण व साळिंदर निघाले, एक केस तर माणसाचाच निघाला. परंतु अज्ञात महावानर काही निघाला नाही.

मग गावसभेत उठून बोलणारी ती माणसे खोटे बोलतात काय? मला तसे वाटत नाही. पडद्यावर त्यांचे चेहरे पाहताना त्यांच्याविषयी आदरच वाटतो. आपण पाहिले ते सांगितल्यावर लोक हसतील, हे ठाऊक असूनही ती उभी राहतात. त्यांनी काहीतरी पाहिले, हे खरेच असावे. त्या प्रदेशातील काळे अस्वल पुष्कळदा मागच्या दोन पायांवर उभे राहते. कातरवेळी, झाडांच्या आडून, क्षणभर दिसलेले ते रूप मनात काय आकार धारण करील हे कोणी सांगावे? २०२४ साली एका शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर असे दिसून आले, की जेथे काळ्या अस्वलांची संख्या अधिक, तेथे बिगफूट दिसल्याच्या नोंदीही सामान्यतः अधिक. डोळे खोटे बोलत नाहीत. परंतु डोळ्यांनी अर्धे पाहिलेले मन पूर्ण करते.

येथे कोणी म्हणेल, की आपल्याकडे तरी निराळे काय आहे? वेंगुर्ले तालुक्यातील आरवली येथे वेतोबाला भक्तजन चामड्याच्या भल्या थोरल्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाची राखण करीत फिरतो आणि त्यामुळे त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. आमच्या गोव्यातही सीमेवर फिरणाऱ्या राखणदाराच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. परंतु यांत एक भेद आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. वेतोबाच्या वाटेवर कॅमेरा लावून कोणी बसत नाही, कारण त्या श्रद्धेने पुरावा देऊ केलेला नाही आणि कोणी तो मागतही नाही. श्रद्धा श्रद्धेच्या नावाने नांदते, कथा कथेच्या नावाने नांदते. टेलिव्हिजनवरील पथक मात्र मोजपट्टी, उष्णता टिपणारा कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक घेऊन निघते, आणि आपण शोध करीत आहोत असे म्हणते. ज्याने शोध हा शब्द उच्चारला, त्याने शोधाचे नियमही पाळावयास नकोत काय?

भाच्याला मी म्हटले, “समज, आपल्या परसातल्या विहिरीत सुसर आहे असे मी तुला सांगितले. तू काय करशील?”

“वाकून बघेन.”

“दिसली नाही. मी म्हणतो, ती तळाशी आहे.”

“पंप लावून पाणी उपसेन.”

“उपसलेस. मी म्हणतो, ती झऱ्याच्या भोकात शिरली.”

तो हसू लागला. “मामा, मग तुमची सुसर कधीच नाही असे होणार नाही!”

नेमके हेच मला त्याच्याकडून हवे होते. जे विधान कोणत्याही परीक्षेत नापास होऊ शकत नाही, ते पासही होऊ शकत नाही. अरण्यात आवाज झाला तर तो प्राणी जवळ आहे. आवाज झाला नाही तर तो फार चतुर आहे. पाऊल उमटले तर तो पुरावा, न उमटले तर तो दगडांवरून गेला. अशा शोधाला शंभर भाग पुरत नाहीत आणि हजारही पुरणार नाहीत. ‘तो नाही’ हे सिद्ध करण्याचे ओझे ऐकणाऱ्यावर नसते. ‘तो आहे’ असे म्हणणाऱ्याने हाड, दात, कातडे, काहीतरी समोर ठेवावयाचे असते. आणि असा प्राणी एकटाच असून भागत नाही. पिढ्यान्पिढ्या टिकावयाचे तर त्यांचे कळप हवेत, पिल्ले हवीत, म्हातारे होऊन मरणारेही हवेत. इतक्या वर्षांत त्यांपैकी एकाचाही सांगाडा न सापडावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

तर मग अरण्यात आता नवलाचे काही उरलेच नाही काय? या प्रश्नाचे उत्तर त्याच कॅलिफोर्नियाने दिले आहे.

वुल्व्हरिन म्हणून एक प्राणी आहे. आपल्या पाणमांजराच्या कुळातील, आकाराने बेताचा, पण अंगाने दणकट. १९२२ नंतर कॅलिफोर्नियात त्याची खात्रीची नोंद नव्हती. २००८ च्या फेब्रुवारीत त्या राज्यातील टाहो राष्ट्रीय वनात एका विद्यार्थिनीने, प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे लावले होते. तिचा अभ्यास मार्टेन नावाच्या दुसऱ्याच लहान प्राण्यावर होता. परंतु एका छायाचित्रात तिला दिसला तो वुल्व्हरिन! शास्त्रज्ञांनी त्या एका छायाचित्रावर उत्सव केला नाही. त्यांनी त्या रानात त्याचे केस व विष्ठा शोधून तपासली. तो दूरच्या रॉकी पर्वताकडील वंशाचा नर आहे, असे निष्पन्न झाले. जी गोष्ट कोणी शोधत नव्हते ती पुराव्यासह समोर आली आणि शास्त्राने ती निमूटपणे स्वीकारली. शास्त्र नवलाला दार लावून घेते, असे म्हणणाऱ्यांनी ही हकिकत ध्यानात ठेवावी.

दुसरी हकिकत तर ब्लफ क्रीक ज्या वनात आहे, त्या सिक्स रिव्हर्स वनातीलच आहे. मार्टेनची ‘हम्बोल्ट मार्टेन’ नावाची एक जात त्या किनारी प्रदेशात राहत असे. कातड्यासाठी झालेली शिकार आणि जुन्या महावृक्षांची तोड यांमुळे ती दिसेनाशी झाली. सुमारे पन्नास वर्षे ती नष्ट झाली असेच लोक समजत होते. १९९६ साली तीच जात त्या वनात जिवंत सापडली. मांजराएवढा हा जीव. ना आरोळी, ना सोळा इंचांचे पाऊल. असले प्राणी हुडकण्यासाठी अभ्यासक काजळी धरलेले पत्रे आमिषाजवळ ठेवतात, म्हणजे त्यांवरून जाणाऱ्याची पावले आपोआप उमटतात. ना त्यात रात्रीचा थरार, ना पार्श्वसंगीत. उन्हापावसात रान तुडवीत जावे, पत्रा उचलून पाहावा, बहुधा तो कोरा असतो म्हणून वहीत ‘काही नाही’ असे लिहावे, आणि दुसऱ्या पत्र्याकडे वळावे. ‘काही नाही’ हे दोन शब्द प्रामाणिकपणे लिहिण्याची ज्याची तयारी आहे, त्याच्याच ‘आहे’ या शब्दावर जग विश्वास ठेवते.

विद्यार्थी मित्रांनो, राक्षसांच्या गोष्टी तुम्ही खुशाल पाहा. त्या पाहताना अंगावर काटा आला तर त्यात लाजण्यासारखे काहीच नाही. मात्र कोणी “हा पुरावा” असे म्हटले, की क्षणभर थांबून विचारा : हा खोटा ठरण्याची काही वाट ठेवली आहे काय? हम्बोल्ट मार्टेन आज फारच थोडे उरले आहेत. २०२० साली अमेरिकेच्या सरकारने किनाऱ्यावरील मार्टेनला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातले. ब्लफ क्रीकच्या रानात मोठ्या पावलांच्या मागावर कितीतरी माणसे गेली आणि रिकाम्या हातांनी परतली. त्याच रानात एक खरा, चिमुकला, हरवलेला जीव जुन्या झाडांच्या ढोलीत बसून होता. त्याला शोधावयास फार थोडी माणसे गेली. पण ज्यांनी तो शोधला, त्यांच्यामुळे आज त्याला वाचविण्याची धडपड तरी करता येते.