जाळीपलीकडचे बाबा

फर्स्ट क्लासच्या लेडीज आणि जेन्ट्स डब्यांमध्ये लोखंडी जाळी असते ना, तिचं-माझं जुनं सख्य. पलीकडची गर्दी पलीकडे, अलीकडे आपण कानात गाणी घालून मस्त उभे! १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, तिला तर जाळीचीही गरज नव्हती. थोडक्यात काय, अडसर नेहमीच अडवत नाही; कधी कधी जागाही करून देतो.

पण मी नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं आणि बाबांनी बोलणं सोडलं. टू रूम किचनमध्ये तीन आठवडे सगळे निरोप आईमार्फत. तिथे कुठली आलीय जाळी?

परवा बोरिवलीला गाडीत चढले, तर जाळीपलीकडे बाबा. दोघांनीही नजर चुकवली. अंधेरी गेलं, दादर गेलं. मग पेपर खाली न करताच ते म्हणाले,

"तुझा पास आज संपतोय ना?"

"हो."

"पैसे आहेत?"

"नाहीत." सांगून टाकलं एकदाचं.

चर्चगेटला पासच्या रांगेत आम्ही एकामागे एक उभे राहिलो. फारसं बोललो नाहीच.

पास मात्र त्यांनी तीन महिन्यांचा काढला.