शार्कला किती पाणी पुरेल?

कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे बे मत्स्यालयात २००४ साली 'ग्रेट व्हाइट' शार्कचं एक पिल्लू ठेवण्यात आलं. ते १९८ दिवस जगलं. या जातीचा मासा तोवर कुठल्याही टाकीत इतका टिकला नव्हता. लाखो लोकांनी त्याला पाहिलं. पुढे त्याच्या चाव्याने टाकीतले दोन शार्क मेले आणि मार्च २००५ मध्ये त्याला समुद्रात सोडून देण्यात आलं. जपानच्या ओकिनावात २०१६ साली याच जातीचा साडेतीन मीटरचा मोठा नर आणला गेला, तो तिसऱ्या दिवशी मेला.

कारण सोपं आहे. बरेच मासे एका जागी राहून तोंडाने पाणी ओढतात आणि कल्ल्यांवरून सोडतात. ग्रेट व्हाइटला ते जमत नाही. पोहत राहिला तरच त्याचा श्वास चालतो. आणि टाकीत पोहायचं म्हटलं की समोर लगेच भिंत येते.

देवमाशाएवढा वाढणारा 'व्हेल शार्क' स्वभावाने गरीब, बारीक जिवांवर जगणारा. तो टाकीत जगू शकतो. ओकिनावात १९९५ साली आणलेला एक नर दशकानुदशके जगला आहे. पण त्याची लांबी साडेआठ मीटरहून जास्त, टाकी ३५ मीटर लांब आणि दहा मीटर खोल. चार अंगांइतकं अंतर कापलं की वळायचं. समुद्रात हाच मासा १,९०० मीटरपेक्षा खोल बुडी मारतो.

आपल्याकडे यावर लगेच म्हटलं जातं, 'खायला मिळतं ना, मग जुलूम कसला?' मांजरीला कोंडून मारणाऱ्या बाईची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. तिच्यावर दोन आरोप होते: तिने मांजरीला खाऊ घातलं नाही, आणि स्वतःचं अन्न शोधायला मोकळंही सोडलं नाही. दुसरीकडे, लहानग्या अबू उमैरच्या पाखराची हदीसही आहे. तिच्या आधारे अनेक उलेमांनी पक्षी पाळायला मुभा दिली, अट एवढीच की त्याची नीट देखभाल व्हावी. म्हणजे प्राणी पाळणं मुळातच गुन्हा नाही. पण ज्याची गरज भागवता येते, त्यालाच पाळावं. मोठ्या शार्कची गरज फक्त अन्नाची नाही, अंतराची आणि खोलीचीही आहे. ती भागवणारी टाकी कोणी बांधू शकलेलं नाही.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. अमेरिकेत अटलांटाच्या मत्स्यालयाने आपले व्हेल शार्क तैवानमध्ये मासेमारीसाठी ठरलेल्या कोट्यातून घेतले होते. तिथे ते कापलेच गेले असते. पण मरणापासून वाचवणं म्हणजे जन्मभर ठेवून घेण्याचा हक्क मिळणं नव्हे. पहिल्या जोडीतले दोन्ही नर २००७ मध्ये मेले. दुबईतल्या एका बड्या हॉटेलने २००८ मध्ये एक व्हेल शार्क टाकीत ठेवला. बरीच टीका झाली आणि २०१० मध्ये तो सोडण्यात आला. सोडता येतं, हे तरी त्यातून दिसलं.

दुसरा आक्षेप आम्हा शिक्षकांचा. 'मूर्ताकडून अमूर्ताकडे' हे सूत्र बी.एड.ला आम्ही घोकलं. मुलांनी प्रत्यक्ष पाहिलं तर त्यांना प्रेम वाटेल, असं आम्हाला वाटतं. पण टाकीतला मासा मुलांना काय शिकवतो? गोल गोल फिरणं. ती सवय टाकीची आहे, समुद्राची नव्हे. त्याहून वाईट धडा हा, की इतका मोठा जीवही आपल्या करमणुकीसाठी कोंडता येतो.

प्रेम टाकीविनाही लागतं, याचा दाखला आपल्या शेजारी आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची मोठी शिकार होत असे. २००१ मध्ये कायद्याने त्याला संरक्षण मिळालं. २००४ पासून मोहीम सुरू झाली आणि मोरारी बापूंनी कोळ्यांना सांगितलं की हा मासा बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. त्याला 'व्हाली', म्हणजे लाडकी, असं नाव पडलं. कोळी स्वतःची जाळी कापून त्याला सोडू लागले, जाळ्याची भरपाई सरकार देऊ लागलं. शेकडो मासे असे सुटले.

जाळं म्हणजे कोळ्याची रोजीरोटी. ती कापायला तो तयार होतो, मग आपण एक तिकीट सोडायला काय हरकत आहे? शाळेची सहल ठरवताना किंवा दुबईला नातेवाइकांकडे जाताना एवढंच विचारावं: तिथे ठेवलेल्या जिवाला त्याच्या अंगाच्या मानाने जागा आहे का? लहान माशांच्या बाबतीत उत्तर बहुधा 'हो' येईल. मोठ्या शार्कच्या बाबतीत ते 'नाही' आहे, आणि म्हणून ते तिकीट आपण काढू नये.