हर्सूलच्या यात्रेत आजीचा सूर

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे निघाले की हर्सूल लागते. येथील हरसिद्धी मातेच्या मंदिरात नवरात्रात यात्रा भरते. आरतीला निमंत्रण लागत नाही. ज्याला जमेल तशी त्याने टाळी धरावी, सूर मिसळावा. वृद्धांसाठी हा कलेचा खुला दिवसच. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ३,०००हून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला आणि गायन, चित्रकला यांसारख्या कला मनःस्वास्थ्याला साहाय्यभूत ठरतात, असे नमूद केले. आपण मात्र आजीला दर्शन घडवतो आणि खुर्चीत बसवून ठेवतो! गर्दीच्या वेळा टाळून तिला न्यावे, आरती तिच्या लयीत म्हणू द्यावी. घरच्या घटाला पाणी घालणे, दारी रांगोळी रेखणे तिच्याकडेच सोपवावे. रेघ वाकडी आली तरी पुसू नये.