गरी कुठल्या बॅगेत?



या अंकासाठी आमच्या घरातून काहीतरी लिहून हवे, असे बाईंनी सांगितले तेव्हा मुलगा लगेच म्हणाला, "आई, आपण मासे पकडायला गेलो ते लिही. पण तुझी चूक झाली तीसुद्धा लिही हं!" म्हणून चुकीसकट लिहिते आहे.

मी मूळची मालवणची. आमच्याकडे गळाने मासे पकडण्याला 'गरवणे' म्हणतात आणि गळाला 'गरी'. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, काही धंद्याने मासेमार नव्हेत. त्यांची नोकरी कचेरीतली. पण रविवारी पहाटे ते खडकावर गरवायला जात आणि मी आमिषाचा डबा धरून शेजारी बसत असे. डब्यात कोळंबी. बोलायचे नाही, हा एकच नियम.

१९९९ साली लग्न होऊन मी कार्ल्सरूहेला निघाले, तेव्हा अण्णांनी काड्यापेटीत घालून एक गरी माझ्या हातात दिली. बोटाएवढी, लोखंडाची, वापरून काळी पडलेली. "थंय पण न्हंय आसा म्हणतत," एवढेच म्हणाले. म्हणजे, तिथेही नदी आहे म्हणतात.

नदी आहे, आणि साधीसुधी नाही, ऱ्हाइन आहे! पण इथे काठी घेऊन काठावर जाऊन बसले, असे चालत नाही. आपल्या बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये मोठ्या माणसाला आधी निदान ३० तासांचा वर्ग करावा लागतो, मग ६० प्रश्नांची परीक्षा, मग परवाना. शिवाय त्या पाण्यावर ज्यांचा हक्क असेल त्यांची चिठ्ठी वेगळी. घर, नोकरी, मुले यांत माझा तो वर्ग राहूनच गेला आणि गरी शिवणाच्या डब्यात पडून राहिली.

मुलाला मात्र शेजारच्या काकांनी नाद लावला. मुलांसाठी वेगळा परवाना मिळतो, फक्त सोबत परवाना असलेले मोठे माणूस हवे. शनिवारी मराठीचा वर्ग, म्हणून रविवारी हे दोघे राप्पेनव्योर्टला जुन्या ऱ्हाइनच्या पाण्यावर जाऊन बसत.

आता खरी गोष्ट सांगते. माझा मुलगा आजोबांशी बोलत नसे. रुसवा नव्हता, शब्दच नव्हते. फोनवर अण्णा विचारत, "जेवलस काय रे?" हा म्हणे, "हो." "शाळा बरी आसा?" "हो." आणि फोन माझ्या हातात. तुमच्यापैकी पुष्कळ घरांत असेच होत असेल. मला वाईट वाटे, पण रागावून का बोलणे येते?

एका रविवारी त्याने बार्श नावाचा मासा आणला आणि फोनवर अण्णांना दाखवला. अण्णांनी "वा वा" म्हटले नाही. त्यांनी विचारले, "खंयच्या गरीन?" कुठल्या गळाने? मुलगा धावत जाऊन आपली पेटी घेऊन आला. त्या दिवशी फोन अर्धा तास चालला. तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, शिसे, बूच, आमिष, हे सगळे शब्द त्याने कागदावर उतरवून घेतले. मग एक दिवस अण्णा म्हणाले, "ये हंय. बरोबर गरवया."

उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणे शक्य नव्हते. इथली सुट्टी जुलैच्या शेवटी लागते, आणि तिकडे तेव्हा भर पावसाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देईपर्यंत शहाणा माणूस त्याच्या वाटेला जात नाही. म्हणून २०२३ च्या नाताळच्या सुट्टीतली तिकिटे काढली आणि आमच्या घरात सामान भरण्याचा सोहळा सुरू झाला.

पहिला प्रश्न काठीचा. मुलाची काठी २ मीटर ४० सेंटीमीटर, दोन तुकड्यांची. एकेक तुकडा सव्वा मीटरच्या आसपास, तो कुठल्या बॅगेत मावणार? शेजारच्या काकांनी युक्ती सांगितली: बाउमार्क्टमधून सांडपाण्याचा प्लास्टिकचा पाइप आणायचा, काठी आत घालायची आणि दोन्ही तोंडांना झाकणे लावायची. पाइप १३० सेंटीमीटर लांब, ११ रुंद, ११ उंच, बेरीज १५२. पुष्कळ विमान कंपन्या तिन्ही मापांची बेरीज १५८ पर्यंत चालवून घेतात, म्हणजे गणित जमले. पण आमच्या तिकिटावर माणशी २३ किलोची एकच बॅग होती. पाइप नेला तर एक बॅग कमी! म्हणजे मावशीची चॉकलेटे, आत्याचा प्रेशर कुकर आणि अण्णांचे स्वेटर घरीच राहणार. घरात दोन पक्ष पडले. शेवटी काकांनीच आपली प्रवासाची काठी उसनी दिली. ती चार तुकड्यांची, प्रत्येक तुकडा ६५ सेंटीमीटरचा. मोठ्या बॅगेच्या तळाशी, ओढायच्या दांड्याच्या दोन नळ्यांमध्ये जी खाच असते, तिथे ती टॉवेलात गुंडाळून बरोबर बसली.

दोरी गुंडाळायची चक्री होती, तिचा दांडा काढला आणि ती लोकरी मोज्यात घातली. शिसे नेऊ का, असे अण्णांना विचारले. शिसे जड, वजन फुकट खाते. अण्णा हसले. "हाडू नको गो. किल्ल्याच्या पायात ओतून उरलेला आसा हंय!" सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायाचे दगड १६६४ मध्ये शिसे ओतून बसवले असे आमच्याकडे सांगतात, त्यावरचा हा मालवणी विनोद.

आमिष अर्थातच न्यायचे नाही, ते तिथलेच घ्यायचे. बूट मात्र घासून, धुऊन, दोन दिवस वाळवून नेले. यात एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. माइन आणि डॅन्यूब या नद्यांना जोडणारा कालवा १९९२ मध्ये पुरा झाला, आणि काळ्या समुद्राकडचे जीव त्या वाटेने ऱ्हाइनमध्ये येऊन पसरले. एका पाण्यातला चिखल दुसऱ्या पाण्यात नेऊ नये, हे काकांनी मुलाला पहिल्याच दिवशी शिकवले होते.

मग गळ. प्रत्येक गळाचे टोक बुचाच्या तुकड्यात खुपसले आणि डबीला चिकटपट्टी लावली. डबीवर जर्मन आणि इंग्रजीत लिहिले: "सावध, आत गळ आहेत." बॅग तपासायला कोणी उघडली तर त्या माणसाच्या बोटाला लागू नये म्हणून. डोक्याला बांधायच्या दिव्याचे सुटे लिथियमचे सेल तेवढे हातातल्या बॅगेत ठेवले, कारण ते मोठ्या बॅगेत चालत नाहीत. मुलाने वर्गाचा गृहपाठ म्हणून ही सगळी यादी मराठीत लिहिली आणि फ्रिजवर लावली. तिसरी ओळ होती: "टोकदार सर्व मोठ्या बॅगेत."

आता माझी चूक. ती काड्यापेटीतली जुनी गरी मला अण्णांना दाखवायची होती. इतकी वर्षे जपली हे त्यांना कळावे, अशी हौस. मोठी बॅग कधी वाटेत हरवते, म्हणून मी ती गरी कोणाला न सांगता माझ्या पर्समध्ये ठेवली! विमानतळावर तपासणीत पर्स बाजूला घेतली गेली. तिथल्या बाईंनी काड्यापेटी उघडली, गरी हातावर घेतली आणि शांतपणे सांगितले की, ही आत नेता येणार नाही. परत जाऊन सामानात घालायची असेल तर घाला. सामान तर केव्हाच गेले होते, आणि मागे रांग. त्यांचे काही चुकले नव्हते. मी गरी तिथेच ठेवली आणि रिकामी काड्यापेटी घेऊन पुढे आले. मुलगा काही बोलला नाही. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "आई, तिसरी ओळ." मला हसूही आले आणि डोळेही भरले.

मुंबईला मोठी बॅग धड आली, काठी शाबूत. कोकण रेल्वेने कुडाळ आणि तिथून मालवण. वाटभर माझ्या मनात एकच, अण्णांना काय सांगू? घरी पोचल्यावर चहा झाला, तरी माझे तोंड उघडेना. तेवढ्यात मुलगाच उभा राहिला आणि सांगू लागला, "आजोबा, आईने तुमची गरी पर्समध्ये ठेवली, पण टोकदार सर्व मोठ्या बॅगेत पाहिजे, मग पोलीस बाईने काड्यापेटी उघडला आणि आई रडली, पण थोडीच रडली." काड्यापेटी उघडला की उघडली, हे त्या वेळी कोणी दुरुस्त केले नाही. इतके लांब मराठी वाक्य मी त्याच्या तोंडून प्रथमच ऐकले.

अण्णांनी रिकामी काड्यापेटी हातात घेऊन उलटसुलट केली. मग म्हणाले, "अरे झिला, गरी ती. दगडात अडकान जातलीच. मासो काय तिका वळाखता?" गरी दगडात अडकून जायचीच, मासा काय तिला ओळखतो? काड्यापेटी मात्र त्यांनी आपल्या कपाटात ठेवली.

दुसऱ्या पहाटे तिघे खडकावर गेलो. समोर किल्ला अजून अंधारात होता. मुलाने ऐटीत काठी जोडली आणि प्लास्टिकचा खोटा मासा दूर फेकला. पहिल्याच फेकीला तो कपारीत अडकला, दोरी तुटली. दुसराही तसाच गेला. अण्णांनी न बोलता आपली हातातली दोरी त्याच्याकडे दिली, आणि ओढ बोटाला कशी कळते ते त्याचे बोट धरून दाखवले. तास गेला. मग एकदम, "आजोबा, ओढतो! ओढतो!" एक छोटी तांबोशी वर आली. मुलाने खिशातून माप काढले, कारण इथे हेख्ट मासा ५० सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर सोडावा लागतो, हे त्याला पाठ आहे. महाराष्ट्रातही २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला गेला. पण अण्णांचे माप जुनेच. त्यांनी मासा आपल्या तळहातावर धरला. तळहातापेक्षा लहान भरला. "सोड," ते म्हणाले, आणि त्याने सोडला.

त्या सुट्टीत त्या दोघांनी एकूण सहा मासे घरी आणले. किती बोलले ते मात्र मी मोजले नाही, कारण तिसऱ्या दिवसापासून मला बरोबर नेईनासे झाले!

परत येताना बॅगेत सुके बांगडे आणि सोडे होते. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, पण मासळी माणशी २० किलोपर्यंत आणता येते. म्हणजे पेढे नाहीत, बांगडे चालतात! अण्णांनी नातवाला एक नवी गरी दिली. ती त्याने स्वतः बुचात खुपसली, डबीत घातली, डबी मोठ्या बॅगेत ठेवली आणि मग माझी पर्स उघडून पाहिली.

असो. हल्ली रविवारी फोन वाजला की तो माझ्याकडे उशिराच येतो. सामानाची यादी अजून फ्रिजवर आहे. कोणाला हवी असेल तर शनिवारी वर्गात माझ्या मुलाकडे मागावी. मराठीत मागितली तरच देईन, असे त्याने सांगितले आहे.

— एक पालक, कार्ल्सरूहे